टोकन संपायच्या आत: रिफ्रेश एकदाच, सात वेळा नाही

तक्रार अशी होती की सकाळी लॅपटॉप उघडला की अ‍ॅप आपोआप लॉगआऊट झालेलं असतं. रोज नाही, सगळ्यांना नाही, आणि आमच्या टीममधल्या एकाच्याही मशीनवर नाही. मी तीन दिवस सर्व्हरचे लॉग चाळत बसलो होतो आणि शेवटी जे सापडलं ते इतकं साधं होतं की हसावं का रडावं कळेना. डॅशबोर्ड उघडला की एकदम सात रिक्वेस्ट सुटायच्या, सातही जणांना कळायचं की टोकन, म्हणजे लॉगिन झाल्यावर मिळालेला तात्पुरता पास, संपलंय, आणि सातही जण आपापलं नवीन टोकन आणायला पळायचे. पहिल्याला मिळायचं. दुसरा जुनीच पावती, म्हणजे नवीन टोकन घ्यायला दाखवायची ती, घेऊन पोचला की सर्व्हर म्हणायचा, ही पावती तर वापरून झालीये, कुणीतरी चोरलेली दिसते, आणि सगळ्यांनाच बाहेर काढायचा.

यावर लिहायचं डोक्यात होतं कारण 'टोकन रिफ्रेश कसं करायचं' असं शोधलं की बहुतेक ठिकाणी टोकन संपलंय का ते कसं तपासायचं एवढंच सांगतात. ते सोपं आहे हो. खरा घोळ त्यानंतर सुरू होतो.

आधी थोडं मागे जाऊ. एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांची बोलण्याची पद्धत, हा प्रकार विसरभोळा आहे, सर्व्हरला प्रत्येक रिक्वेस्ट नवीनच वाटते, तुम्ही मिनिटापूर्वी लॉगिन केलंत हे त्याच्या लक्षात नसतं. म्हणून प्रत्येक रिक्वेस्टसोबत आपण कोण ते सांगावं लागतं, आणि आजकालच्या वेब अ‍ॅपमधे ते ऑथरायझेशन नावाच्या हेडरमधून सांगतात, बेअरर हा शब्द आणि पुढे टोकन. बेअरर चेक माहितीये ना, ज्याच्या हातात त्याचे पैसे, नाव कुणी विचारत नाही. हे टोकन अगदी तसंच. ज्याच्या हातात पडलं तो तुम्ही. म्हणून त्याला आयुष्य कमी देतात, कुठे पाच मिनिटं, कुठे पंधरा, कुठे एक तास.

आता दर पंधरा मिनिटांनी माणसाला पासवर्ड मागितला तर तो अ‍ॅप वापरणंच सोडून देईल. त्यामुळे टोकनं दोन असतात. छोट्या आयुष्याचं अ‍ॅक्सेस टोकन, जे प्रत्येक रिक्वेस्टबरोबर जातं, आणि मोठ्या आयुष्याचं रिफ्रेश टोकन, जे फक्त एकाच खिडकीवर दाखवायचं आणि बदल्यात नवीन अ‍ॅक्सेस टोकन घ्यायचं. ओऑथ २.०, म्हणजे अशी टोकनं देण्याघेण्याच्या सर्वमान्य पद्धतीचं मूळ कागदपत्र, आरएफसी ६७४९, ऑक्टोबर २०१२ मधे आलं, त्यात ही जोडी आहे.

दोन का, एकच जरा लांब आयुष्याचं का नको, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. त्याचं कारण सर्व्हरच्या बाजूला आहे. अ‍ॅक्सेस टोकन बऱ्याचदा जेडब्ल्यूटी असतं, म्हणजे माहिती आतच लिहिलेली आणि खाली सही केलेली. सर्व्हर सही तपासतो, मुदत बघतो आणि आत सोडतो, डेटाबेसला विचारायला जात नाही. काम भराभर होतं. पण याचीच दुसरी बाजू अशी की दिलेलं टोकन मधेच रद्द करायची सोय राहत नाही, डेटाबेसला विचारलंच नाही तर रद्द झालेलं कळणार कुठून? मग उपाय एकच, ते लवकर मरू द्यायचं. रिफ्रेश टोकन मात्र डेटाबेसमधे नोंदवलेलं असतं, ते दाखवलं की सर्व्हर नीट बघतो की हा माणूस अजून आपलाच आहे ना, याला काढून तर नाही टाकलं. थोडक्यात अ‍ॅक्सेस टोकनचं आयुष्य म्हणजे काढून टाकलेला माणूस जास्तीत जास्त किती वेळ आत राहू शकतो तो आकडा. पंधरा मिनिटं ठेवलंत तर पंधरा मिनिटं.

बरं, मग टोकन संपलंय हे ब्राउझरमधल्या आपल्या कोडला कळणार कसं?

एक रस्ता असा की काही बघायचंच नाही, रिक्वेस्ट पाठवायची, ४०१, म्हणजे 'तू कोण ते पटत नाही' असं सर्व्हरचं उत्तर, आला की रिफ्रेश करायचं आणि परत पाठवायची. चालतं हे. पण तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार आहे, एक फेरी फुकट जाते, आणि मोठी फाईल अपलोड होत असेल तर सगळी फाईल वर गेल्यावर ४०१ कळायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. दुसरा रस्ता आधीच बघून घ्यायचा, संपायला आलं असेल तर रिक्वेस्ट थांबवायची, नवीन टोकन घ्यायचं, मग सोडायची. मी दोन्ही वापरतो, आधी बघणं ही सोय आणि ४०१ सांभाळणं ही गरज. आधी बघितलंय म्हणून ४०१ येणारच नाही असं समजू नका, शेवटचा शब्द सर्व्हरचाच असतो. आपण ब्राउझरमधे जे बघतो तो नुसता अंदाज.

अंदाज लावायला दोन जागा आहेत. लॉगिनच्या किंवा रिफ्रेशच्या उत्तरात बहुतेक वेळा 'एक्सपायर्स इन' नावाचा आकडा येतो, ३६०० असेल तर आतापासून एक तास. किंवा टोकन जेडब्ल्यूटी असेल तर त्याच्या पोटात 'ई-एक्स-पी' असं फील्ड असतं, त्यात संपण्याची नेमकी वेळ असते, १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत.

सेकंदांत! हे परत वाचा. कारण जावास्क्रिप्टचं डेट डॉट नाऊ मिलिसेकंद देतं. एक आकडा दहा अंकी, दुसरा तेरा अंकी. हजाराने गुणायला विसरलात तर तेरा अंकी 'आत्ता' हे दहा अंकी 'मुदती'च्या कायम पुढे, म्हणजे कोडला टोकन कायम संपलेलंच वाटणार आणि प्रत्येक रिक्वेस्टच्या आधी एक रिफ्रेश होणार. मजा अशी की अ‍ॅप चालत राहतं! कुणाला काही कळत नाही, फक्त सगळं जरा स्लो वाटतं, आणि महिन्याभराने सर्व्हरवाला येऊन विचारतो की रिफ्रेशचे इतके कॉल कशाला मारताय.

जेडब्ल्यूटी हाताने उघडण्यात अजून एक खड्डा आहे जो मराठी वाचणाऱ्यांना हमखास सापडेल. टोकनचे तीन तुकडे असतात, मधला तुकडा बेस६४ (माहिती साध्या अक्षरं-आकड्यांत लिहायची पद्धत) सारखा दिसतो म्हणून लोक ब्राउझरच्या एटूबी नाहीतर बीटूए, नेमकं कुठलं ते मलाही दरवेळी आठवावं लागतं, तर उलगडायचं ते एटूबी वापरतात आणि काम होऊन जातं. पण तो साधा बेस६४ नसतो, बेस६४यूआरएल असतो, त्यात अधिक चिन्हाऐवजी आडवी रेघ आणि तिरक्या रेघेऐवजी अंडरस्कोर. साध्या इंग्रजी मजकुरात ही दोन चिन्हं क्वचितच येतात म्हणून टेस्टिंगमधे सगळं हिरवं. मग कुणाचं तरी नाव देवनागरीत टोकनमधे जातं. आपल्या कान्याचा यूटीएफ-८ मधला शेवटचा बाइट असा आहे की तो योग्य जागी पडला तर त्याची नेमकी आडवी रेघ होते, आणि पहिल्या वेलांटीची अंडरस्कोर. एटूबी ते बघून एरर फेकतो. म्हणजे नावात काना असलेल्या काही लोकांना लॉगिनच होत नाही आणि बाकीच्यांना होतं, असला बग शोधायचा म्हणजे शिक्षाच. आधी ती दोन चिन्हं बदलून घ्यायची, मग उलगडायचं. किंवा सरळ 'एक्सपायर्स इन' वापरा, टोकनच्या पोटात डोकवायलाच नको. मला तेच पटतं, कारण अ‍ॅक्सेस टोकन क्लायंटने वाचायची वस्तूच नाही, ते सर्व्हरसाठी आहे, उद्या त्यांनी फॉरमॅट बदलला तर तुमचं अ‍ॅप झोपेल.

घड्याळाचंही एक आहे. वापरणाऱ्याच्या मशीनचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असेल तर ई-एक्स-पी शी थेट तुलना केली की फजिती, पंधरा मिनिटांचं टोकन पाच मिनिटांतच म्हातारं दिसणार, आणि घड्याळ मागे असेल तर संपून गेलेलं टोकन तरुण दिसणार. त्यापेक्षा टोकन हातात आलं तो क्षण आपल्याच घड्याळाने नोंदवायचा आणि त्यात आयुष्य मिळवायचं. घड्याळ चुकीचं असलं तरी दोन्हीकडे सारखंच चुकीचं, वजाबाकीत चूक उडून जाते.

आणि अगदी संपेपर्यंत थांबायचं नाही. रिक्वेस्ट निघते तेव्हा टोकनला दोन सेकंद बाकी आहेत आणि नेटवर्क मंद आहे, तर पोचेपर्यंत मेलेलं. म्हणून तीस ते साठ सेकंद आधीच संपलं असं धरायचं. फक्त हे अंतर टोकनच्या आयुष्यापेक्षा बरंच लहान हवं. कुणीतरी टेस्टिंगसाठी सर्व्हरवर एक मिनिटाचं टोकन ठेवतं आणि क्लायंटमधे साठ सेकंदांचं अंतर असतं, मग नवीन टोकन जन्मतःच संपलेलं. हे मी स्वतः केलंय.

इथे बरेच लोक म्हणतात की मग टायमरच लावू ना, चौदाव्या मिनिटाला आपोआप रिफ्रेश, प्रत्येक रिक्वेस्टला तपासायची कटकट नको. ऐकायला बरं वाटतं. पण ब्राउझरमधल्या टायमरवर भरवसा ठेवण्यासारखी परिस्थिती नाहीये. टॅब मागे गेला की ब्राउझर टायमर मंदावतो, क्रोमने तर २०२१ मधे ८८ व्या व्हर्जनपासून पाचएक मिनिटं लपलेल्या टॅबच्या बऱ्याच टायमरना मिनिटाला एकदाच जागं करायला सुरुवात केली. लॅपटॉप झोपला तर टायमरही झोपतो. आणि सेटटाइमआऊटला एक जुनी मर्यादा आहे, २१४७४८३६४७ मिलिसेकंदांच्या वर, म्हणजे साधारण पावणेपंचवीस दिवसांच्या वर आकडा दिला तर तो वाट न बघता लगेच उडतो. तीस दिवसांच्या टोकनसाठी टायमर लावणाऱ्याला हे फार मजेशीर पद्धतीने कळतं. शिवाय टायमर असला की लॅपटॉप टेबलवर उघडा ठेवून माणूस घरी गेला तरी टॅब रात्रभर स्वतःलाच मुदतवाढ देत बसतो, सुरक्षेच्या दृष्टीने ते काही बरं नाही. म्हणून रिक्वेस्ट निघताना बघायचं. कुणी काही मागितलंच नाही तर रिफ्रेशही नाही.

आता रचना. अ‍ॅपमधून बाहेर जाणारी प्रत्येक एपीआय रिक्वेस्ट एकाच दारातून गेली पाहिजे, मग ते दार तुम्ही फेचभोवती, म्हणजे रिक्वेस्ट पाठवायच्या ब्राउझरच्या सोयीभोवती, लिहिलेलं फंक्शन असो की अ‍ॅक्सिऑस या तयार लायब्ररीचा इंटरसेप्टर, म्हणजे जाणारी प्रत्येक रिक्वेस्ट अडवून बघणारा कोड. पंचवीस ठिकाणी पंचवीस फेच विखुरले असतील तर आधी ते गोळा करा, तोपर्यंत पुढचं वाचून उपयोग नाही. दारात उभा असलेला पहारेकरी दोन कामं करतो, एक ताजं टोकन मागतो, दोन ते हेडरला लावून रिक्वेस्ट सोडतो. फेच वापरत असाल तर लक्षात ठेवा की ४०१ आला म्हणून फेच एरर फेकत नाही, त्याच्या लेखी उत्तर आलं म्हणजे काम झालं, स्टेटस आपणच बघायचं. अ‍ॅक्सिऑस मात्र फेकतो.

आणि खुद्द रिफ्रेशचा कॉल या दारातून जाऊ द्यायचा नाही! नाहीतर पहारेकरी म्हणणार थांब, टोकन संपलंय, रिफ्रेश होऊ दे, आणि रिफ्रेश दारातच उभं, स्वतःचीच वाट बघत. काही एरर येत नाही, स्क्रीनवर फक्त ते गोल गोल फिरणारं चक्र, कायमचं. रिफ्रेशसाठी वेगळा साधा फेच किंवा अ‍ॅक्सिऑसचा वेगळा इन्स्टन्स ठेवायचा, ज्याला इंटरसेप्टर लावलेला नाही.

आता त्या सात जणांकडे येऊ, हाच या सगळ्याचा गाभा आहे.

जावास्क्रिप्ट एका वेळी एकच काम करतं, मग सात जण एकदम कसे पळाले, असं मलाही वाटलं होतं. गोष्ट अशी की कामं एकामागून एकच होतात, पण अवेट, म्हणजे 'उत्तर येईपर्यंत थांब' हा शब्द, आला की फंक्शन तिथे बाजूला बसतं आणि दुसऱ्याला रस्ता देतं. पहिली रिक्वेस्ट बघते, टोकन संपलंय, रिफ्रेशचा कॉल सोडते आणि उत्तराची वाट बघत बसते. त्या दोनशे-तीनशे मिलिसेकंदांत दुसरी येते, तिला अजून जुनंच टोकन दिसतं, कारण नवीन आलेलंच नाही, तीही कॉल सोडते. तिसरी तसंच. कुणाचंच काही चुकलेलं नाही, प्रत्येकीने आपापलं काम नियमाप्रमाणे केलंय, फक्त एकमेकींशी बोलल्या नाहीत.

उपाय म्हणजे एक व्हेरिएबल, सगळ्यांना दिसेल असं, मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर. त्यात आत्ता चालू असलेल्या रिफ्रेशचं प्रॉमिस, म्हणजे उत्तर यायचं आहे याची जावास्क्रिप्टची पावती, ठेवायचं. टोकन नव्हे, प्रॉमिस. जो कुणी येईल त्याने आधी बघायचं की टोकन ताजं आहे का, असेल तर घे आणि जा. नसेल तर त्या व्हेरिएबलमधे काही आहे का बघ, असेल तर कुणीतरी आधीच गेलंय, त्याच प्रॉमिसवर अवेट करून बस. काहीच नसेल तर तू पहिला, रिफ्रेश सुरू कर आणि त्याचं प्रॉमिस तिथे ठेव. उत्तर आलं, चांगलं किंवा वाईट, की व्हेरिएबल परत रिकामं करायचं, आणि हे फायनलीमधेच करायचं, जे यश-अपयश दोन्हीत चालतं. देन मधे, जे फक्त यश आलं तर चालतं, केलंत तर रिफ्रेश एकदा फसलं की ते फसलेलं प्रॉमिस तिथेच पडून राहतं आणि नंतर येणारा प्रत्येक जण त्याच्यावर जाऊन आपटतो, पेज रिलोड करेपर्यंत.

एक बारीक गोष्ट, पण सगळं तिच्यावर अवलंबून आहे. 'काही नाहीये' हे बघणं आणि 'माझं प्रॉमिस ठेवलं' यांच्यामधे एकही अवेट येता कामा नये. आला की तीच फट परत उघडली. मी एका ठिकाणी बघितलं होतं की कुणीतरी मधे रिफ्रेश टोकन इंडेक्सडीबी या ब्राउझरमधल्या साठवणीतून वाचायला अवेट टाकला होता, वाचायला लागणारा वेळ जेमतेम, तरी तेवढ्यात दोन रिक्वेस्ट आत घुसायच्या. ते वाचणं रिफ्रेशच्या फंक्शनच्या आत न्यायचं, म्हणजे प्रॉमिस आधी ठेवलं जातं आणि वाचन त्याच्या पोटात होतं.

याऐवजी एक जुनी पद्धत फिरत असते, 'रिफ्रेश चालू आहे' असा खरा-खोटा फ्लॅग आणि सोबत थांबलेल्या रिक्वेस्टची यादी, रिफ्रेश झालं की यादीतल्या एकेकाला हाक मारायची. चालते ती, पण प्रॉमिस स्वतःच रांग आहे, त्यावर हजार जण अवेट करून बसले तरी उत्तर सगळ्यांना मिळतं, मग आपण हाताने यादी कशाला सांभाळायची. यादीवाल्या कोडमधे रिफ्रेश फसल्यावर यादीतल्यांना कळवायचं राहून जाणं ही हमखास चूक, आणि मग त्या रिक्वेस्ट ना पास ना नापास, लटकलेल्या.

पहिल्या परिच्छेदात सर्व्हरने सगळ्यांना बाहेर काढलं म्हटलं, तो सर्व्हर खडूस नव्हता, त्याचं बरोबर होतं. बऱ्याच ठिकाणी रिफ्रेश टोकन एकदाच वापरायचं असतं, वापरलं की नवीन अ‍ॅक्सेससोबत नवीन रिफ्रेशही मिळतं आणि जुनं बाद. याला रोटेशन म्हणतात. बाद झालेलं रिफ्रेश टोकन परत आलं तर सर्व्हरच्या लेखी अर्थ एकच, ते दोघांकडे आहे, आणि त्यातला चोर कोण हे सर्व्हरला कळायचा मार्ग नाही, म्हणून तो दोघांनाही हाकलतो. जानेवारी २०२५ मधे आलेल्या आरएफसी ९७०० मधे तर ब्राउझरमधल्या अ‍ॅपसारख्या, गुपित लपवू न शकणाऱ्या क्लायंटसाठी रिफ्रेश टोकन एक तर विशिष्ट क्लायंटला बांधलेलं हवं नाहीतर रोटेशन हवं, असं बंधनच घातलंय. म्हणजे पूर्वी सात रिफ्रेश मारले तर फक्त वाया जायचे, आता लॉगआऊट होतं. काही सर्व्हर जुनं टोकन थोडे सेकंद चालवून घेतात, पण तुमचा घेतो का ते बघून घ्या, त्याच्यावर विसंबू नका.

आणि टॅब? एका माणसाने तीन टॅब उघडले की तुमचं ते एक व्हेरिएबल तीन वेळा जन्माला आलेलं असतं, प्रत्येक टॅबचं वेगळं. लॅपटॉप उघडला, तिन्ही टॅब जागे झाले, तिघांनाही टोकन संपलेलं दिसलं, पहिले पाढे पंचावन्न. यासाठी ब्राउझरमधेच वेब लॉक्स नावाची सोय आहे, मार्च २०२२ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरमधे मिळते. एका नावाचं कुलूप मागायचं, ज्याला मिळालं त्याने रिफ्रेश करायचं, बाकीचे रांगेत. कुलूप मिळालं की लगेच रिफ्रेश मारायचा नाही, आधी परत बघायचं, मी रांगेत असताना दुसऱ्या टॅबने आणलं तर नाही ना. ही दुसऱ्यांदा बघण्याची ओळ विसरली की तिघेही शिस्तीत एकामागून एक तीन रिफ्रेश करतात, नुसतं रांगेत उभं राहिल्याचं समाधान. आणलेलं टोकन बाकीच्या टॅबना कळवायला ब्रॉडकास्ट चॅनल आहे, किंवा लोकल स्टोरेज या ब्राउझरच्या साठवणीत लिहिलं की दुसऱ्या टॅबमधे स्टोरेज नावाची इव्हेंट येते. लिहिणाऱ्या टॅबमधे ती येत नाही, त्यावरही अर्धा दिवस घालवणारे असतात.

एवढं सगळं करूनही ४०१ येतोच. अ‍ॅडमिनने सेशन मारलं, सर्व्हरने सहीची किल्ली बदलली, काहीही. तेव्हा आधी बघायचं की ही रिक्वेस्ट ज्या टोकनने गेली होती तेच टोकन अजून आपल्याकडे आहे का. बदललं असेल तर दरम्यान कुणीतरी नवीन आणलंय, नुसतं नव्याने पाठवा. तेच असेल तर रिफ्रेश आणि मग पाठवा. आणि हे एकदाच, रिक्वेस्टवर खूण करून ठेवायची की हिला एक संधी देऊन झालीये. खूण नसेल आणि सर्व्हर कायमच ४०१ देत असेल तर तुमचं अ‍ॅप ४०१, रिफ्रेश, ४०१, रिफ्रेश करत सर्व्हरवर हल्लाच चढवतं. ४०३ आला तर रिफ्रेशच्या वाटेला जाऊ नका, त्याचा अर्थ तू कोण ते कळलंय पण तुला परवानगी नाहीये, नवीन टोकन आणून परवानगी वाढत नाही. परत पाठवताना बॉडीकडे लक्ष द्या, ती स्ट्रीम असेल तर पहिल्या वेळी वाचून संपलेली असते, म्हणून दाराने मूळ माहिती जपायची आणि दरवेळी रिक्वेस्ट नव्याने बांधायची.

रिफ्रेश फसलं तर काय हा भाग लोक घाईत उरकतात, कॅचमधे लॉगआऊट लिहितात आणि मोकळे होतात. माझं म्हणणं, फसण्याचे दोन प्रकार वेगळे धरा. सर्व्हरने स्पष्ट सांगितलं की हे रिफ्रेश टोकन चालत नाही, ओऑथमधे ४०० सोबत 'इनव्हॅलिड ग्रँट' असं येतं, तर लॉगिन पानावर न्या, दुसरा मार्गच नाही. पण नेट गेलंय, सर्व्हर ५०३, म्हणजे 'आत्ता जमणार नाही', देतोय, उत्तरच आलं नाही, यात टोकनचा काय दोष? टोकन जपून ठेवा, रिक्वेस्ट नापास करा, माणसाला सांगा की नेट बघा, थोड्या वेळाने परत प्रयत्न होईल. लिफ्टमधे नेटवर्क गेलं म्हणून माणसाचा अर्धा भरलेला फॉर्म उडवून लॉगिन पान दाखवणाऱ्या अ‍ॅपला लोक शिव्या देतात त्या रास्त आहेत.

दोन फटी अजून, पटकन. माणसाने लॉगआऊट दाबलं आणि त्याच क्षणी एक रिफ्रेश वाटेत होतं, ते परत आलं आणि त्याने नवीन टोकन गुपचूप जाऊन ठेवलं, म्हणजे लॉगआऊट झालेला माणूस पुन्हा लॉगिन. सेशनला एक क्रमांक द्यायचा, लॉगआऊटला तो वाढवायचा, आणि उत्तर आल्यावर क्रमांक जुळत नसेल तर टोकन फेकून द्यायचं. दुसरी, कुणी पान बदललं म्हणून त्याची रिक्वेस्ट अबॉर्ट केली तर तो अबॉर्टचा सिग्नल रिफ्रेशपर्यंत पोचू द्यायचा नाही, कारण त्या रिफ्रेशवर बाकीचे सहा जण बसलेत.

टोकन ठेवायचं कुठे यावर लोक तावातावाने भांडतात, मी थोडक्यात सांगतो. लोकल स्टोरेजमधलं काहीही पानावर चालणाऱ्या कुठल्याही स्क्रिप्टला वाचता येतं, बाहेरून आणलेल्या पॅकेजलासुद्धा. अ‍ॅक्सेस टोकन नुसत्या मेमरीत आणि रिफ्रेश टोकन एचटीटीपी-ओन्ली कुकीत, जी जावास्क्रिप्टला दिसतच नाही, ही जोडी मला बरी वाटते. पेज रिलोड झालं की मेमरी कोरी, म्हणून अ‍ॅप सुरू होताना पहिलं काम एक रिफ्रेश, आणि ते पण त्याच एका प्रॉमिसमधून. कुकी आली की सेम-साइट आणि सिक्युअर या कुकीवरच्या खुणा आणि सीएसआरएफ (दुसऱ्या साइटने तुमच्या कुकीच्या जोरावर गुपचूप रिक्वेस्ट पाठवणं) यांचा विचार ओघाने आला. एपीआय पूर्ण वेगळ्या साइटवर असेल तर सफारी २०२० पासून तिसऱ्याची, म्हणजे उघडलेल्या पानापेक्षा वेगळ्या साइटची, कुकी अडवतं हे डिझाइन ठरवताना लक्षात घ्या, नंतर नाही. आणि तुमच्या हातात सर्व्हर असेल तर मधे एक छोटा बॅकएंड बसवून टोकनं तिथेच ठेवायची, ब्राउझरला फक्त सेशन कुकी, हाही रस्ता आहे, मग या लेखातलं बरंचसं ब्राउझरमधून निघून सर्व्हरवर जातं. एक रिफ्रेश, सगळ्यांनी थांबायचं, हे मात्र तिथेही करावंच लागतं.

आमच्या मशीनवर तो बग का दिसत नव्हता ते राहिलंच. आम्ही दिवसभर कोड बदलत पेज रिलोड करत असायचो आणि रिलोडला एकच रिफ्रेश व्हायचं, तेव्हा बाकीच्या रिक्वेस्ट अजून जन्मालाही आलेल्या नसायच्या. वर डेव्हलपमेंटच्या सर्व्हरवर कुणीतरी टोकनचं आयुष्य चोवीस तास करून ठेवलं होतं, कटकट नको म्हणून. आता मी टेस्टच्या सर्व्हरवर आयुष्य दोन मिनिटं ठेवतो आणि अंतर तीस सेकंद. डॅशबोर्ड दोन टॅबमधे उघडतो, डेव्हलपर टूल्समधला नेटवर्कचा भाग दोन्हीकडे चालू ठेवतो, लॅपटॉप झाकतो, पाच मिनिटांनी उघडतो, दोन्ही टॅबवर एकेकदा क्लिक करतो आणि रिफ्रेशचे कॉल मोजतो. दोन्ही टॅब मिळून एक यायला हवा. दोन आले तर कुलूप मिळाल्यावर परत बघायची ती ओळ राहिलीये, आणि सात आले तर तुमचं प्रॉमिस ठेवण्याआधी कुठेतरी एक अवेट लपलाय.